रेक्स शिकायला पुस्तक निवडताना: भाषा एक, यंत्रं अनेक

मेनफ्रेमवरच्या जुन्या कोडवर संशोधन करू पाहणारे विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात: "रेक्स कुठल्या पुस्तकातून शिकू?" त्यांना मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं: "सोपी भाषा आहे, कुठलंही घे." या उत्तराचा पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसऱ्या अर्ध्या भागावर विश्वास ठेवला, तर महिनाभर पुस्तक वाचून झाल्यावर यंत्रासमोर बसता आणि साधी फाइलही उघडता येत नाही. म्हणून आजच्या लेखात रेक्सवरच्या मुख्य पुस्तकांची झाडाझडती घेऊ. कुठलं पुस्तक कशासाठी चांगलं, कशासाठी निरुपयोगी, आणि दुकानात किंवा ग्रंथालयात उभं राहून पाच मिनिटांत ते कसं ओळखायचं, हे बघू.

एक सूचना आधीच. आज्ञांची आणि फंक्शनांची नावं मी इथे देवनागरीत लिहितेय. यंत्रावर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची आहेत.

रेक्स म्हणजे काय, आणि संशोधकाने ती का शिकायची

ज्यांनी मेनफ्रेम पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बँका आणि विमा कंपन्यांच्या मोठ्या यंत्रांवर हिशेबाचं मुख्य काम बहुतेकदा कोबोलमध्ये लिहिलेलं असतं. ते कधी, कुठल्या फाइली घेऊन चालवायचं हे जेसीएल सांगते. या दोघांच्या मधली किरकोळ वाटणारी कामं, म्हणजे फाइल आहे का बघणं, अहवालातून चार ओळी उचलणं, शंभर डेटासेटची नावं बदलणं, ही स्क्रिप्टमध्ये असतात. आयबीएमच्या जगात ती स्क्रिप्ट बऱ्याचदा रेक्सची असते.

आता संशोधनाच्या नजरेने बघा. जुनी प्रणाली समजून घ्यायची असेल तर कोबोल वाचून भागत नाही. 'महिनाअखेरीला ही फाइल रिकामी असेल तर पुढची पायरी गाळा' असा नियम कोबोलमध्ये नसतो, कुणीतरी वीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या चाळीस ओळींच्या रेक्समध्ये असतो. तो नियम तुम्ही चुकीचा वाचला तर तुमचा सगळा प्रवाहचित्राचा डोलारा चुकीचा. पुणे-मुंबईतल्या कितीतरी कंपन्यांमध्ये परदेशी बँकांच्या अशा प्रणाली सांभाळण्याचं काम चालतं. त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. ओळखीतलं कुणीतरी हे काम करत असण्याची शक्यता बरीच आहे. तसंच त्यांच्याकडून प्रशिक्षणाच्या नोट्सची झेरॉक्स तुमच्या हाती येण्याची शक्यताही आहे. त्या नोट्सनासुद्धा खालच्याच कसोट्या लावा.

मुख्य मुद्दा: पुस्तक कुठल्या यंत्रावर उभं राहून बोलतंय?

रेक्स माइक काउलिशॉ यांनी आयबीएममध्ये १९७९ साली रचायला घेतली. ती १९८३ मध्ये व्हीएम प्रणालीबरोबर ग्राहकांच्या हाती आली. व्हीएमवर वापरकर्ता ज्या वातावरणात काम करतो त्याला सीएमएस म्हणतात. आज आपण ज्याला झेड/ओएस म्हणतो त्या दुसऱ्या, अधिक पसरलेल्या प्रणालीत (तेव्हाचं नाव एमव्हीएस) रेक्स काही वर्षांनी, टीएसओमधून आली. पुढे ती पीसीवर, युनिक्सवर, लिनक्सवरही गेली.

गंमत अशी की या सगळ्या ठिकाणी भाषा जवळपास तीच आहे. 'इफ', 'डू', 'सिलेक्ट', 'पार्स' सगळीकडे सारखे. पण रेक्सचा जीवच मुळी दुसऱ्याला हुकूम देण्यात आहे. रेक्सला जे वाक्य स्वतःचं वाटत नाही ते ती उचलून भोवतालच्या यंत्राकडे पाठवते. ते यंत्र बदललं की हुकूम बदलतात, उत्तरं बदलतात, फाइल वाचायची पद्धत बदलते.

फाइल वाचण्याचंच उदाहरण घ्या. सर्वसाधारण रेक्सच्या पुस्तकात 'लाइन-इन' नावाचं फंक्शन शिकवतात: नाव द्या, एक ओळ मिळेल. लिनक्सवर ते छान चालतं. टीएसओच्या मूळ रेक्समध्ये मात्र ही सोय नाही. तिथे आधी 'ॲलोकेट' करून डेटासेटला एक डीडी-नाव जोडायचं, मग 'एक्झेकआयओ' या आज्ञेने ओळी उचलायच्या. 'एक्झेकआयओ' सीएमएसवरही आहे, पण तिथे डीडी-नावाऐवजी फाइलचं तीन भागांचं नाव देतात. म्हणजे भाषा एक, आणि एक फाइल वाचायच्या तीन तऱ्हा. यातली दोन प्रकारची पुस्तकं तुमच्या कामाची नाहीत. आणि मुखपृष्ठावर मात्र सगळ्यांच्या 'रेक्स' एवढंच मोठ्या अक्षरांत.

म्हणून रेक्सच्या पुस्तकाचं परीक्षण करताना माझा पहिला निकष हा: भाषा कुठे संपते आणि यंत्र कुठे सुरू होतं, ती रेघ लेखकाने आखली आहे का? रेघ आखलेलं जुनं पुस्तकही चालेल. रेघ न आखलेलं नवंकोरं पुस्तक तुम्हाला गोंधळात टाकेल.

आता एकेक पुस्तक

काउलिशॉ, 'द रेक्स लँग्वेज'. पहिली आवृत्ती १९८५, दुसरी १९९०. साधारण दोनशे पानांचं पुस्तक. रचनाकारानेच लिहिलेलं असल्यामुळे यात 'काय' बरोबर 'का' हेही सापडतं: व्हेरिएबल आधी जाहीर का करायचे नाहीत, सगळा मजकूर म्हणजे अक्षरांची माळ का मानला, राखीव शब्द का टाळले. संशोधकाला हे सोन्यासारखं आहे, कारण भाषेचे गुण आणि तिचे सापळे एकाच निर्णयातून आलेले असतात. 'पार्स'वरचा भाग तर जरूर वाचा. पायथनमधून येणाऱ्यांना रेग्युलर एक्सप्रेशन नसल्याचा धक्का बसतो. त्याची जागा 'पार्स' कशी घेतो हे इथे नीट कळतं. उणीव एकच, पण मोठी: टीएसओबद्दल यात तुम्हाला काही मिळणार नाही. हे भाषेचं पुस्तक आहे, यंत्राचं नाही. मात्र लेखक ती रेघ पाळतो, म्हणून ही उणीव फसवत नाही.

कुणी म्हणेल, १९९० चं पुस्तक आज कशाला? झेड/ओएसवर 'पार्स व्हर्जन' चालवून बघा. रेक्सची भाषापातळी ३.४८ आणि तारीख १ मे १९९२ अशी उत्तरात येते. म्हणजे तिथली भाषा तेव्हापासून जवळपास गोठलेली आहे. उलट काउलिशॉंच्या दुसऱ्या आवृत्तीतली पातळी ४.००, थोडी पुढची. अशा ठिकाणी पुस्तकाचं वय हा दोष धरता येत नाही.

ओ'हारा आणि गोम्बर्ग, 'मॉडर्न प्रोग्रॅमिंग यूझिंग रेक्स'. हेही १९८५ चं. नवख्याला हात धरून नेणारं, काउलिशॉंपेक्षा सोपं. पण त्या काळी आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर रेक्स होती ती सीएमएसवरच. त्यामुळे यातून प्रोग्रॅम लिहायची सवय घ्या, यंत्राशी बोलायचे हुकूम घेऊ नका. जुन्या व्हीएम प्रणालीतला कोड तुमच्या संशोधनात असेल तर मात्र गणित उलटं होतं. मग हेच पुस्तक जवळचं.

गार्जुलो, 'रेक्स इन द टीएसओ एन्व्हायर्नमेंट'. नावातच रेघ आखलेली आहे. झेड/ओएसवर काम करणाऱ्याला नेमकं लागतं ते हे पुस्तक देतं, आणि कामावरच्या माणसाच्या भाषेत देतं. मर्यादा काळाची आहे. भाषा गोठली तरी भोवतालचं यंत्र पुढे गेलं. उदाहरणार्थ, जॉबचे निकाल बघायचं जे एसडीएसएफ नावाचं साधन आहे, ते थेट रेक्समधून वापरायची सोय झेड/ओएस १.९ बरोबर, २००७ मध्ये आली. नव्वदच्या दशकातल्या पुस्तकात ती कशी असेल? म्हणून 'रेक्समधून हे करता येत नाही' असं जुन्या पुस्तकावरून कधीही म्हणू नका. 'करता येतं' असं म्हणायला जुनं पुस्तक चालतं, 'येत नाही' म्हणायला चालत नाही. हा फरक प्रबंधात फार महत्त्वाचा ठरतो.

गोल्डबर्ग आणि स्मिथ (संपादक), 'द रेक्स हँडबुक', १९९२. अनेक लेखकांनी लिहिलेल्या प्रकरणांचा संग्रह. शिकायला पहिलं पुस्तक म्हणून घेऊ नका, दहा जणांकडून एकाच वेळी पोहायला शिकल्यासारखं होईल. पण तुमचा विषय 'त्या काळी लोक रेक्स कशी वापरत होते' असा असेल तर हे मार्गदर्शक न राहता प्राथमिक साधन बनतं. पुस्तक तेच, पण प्रश्न बदलला की त्याची जागा बदलते.

फॉस्डिक, 'रेक्स प्रोग्रॅमर्स रेफरन्स', २००५. सातशेच्या वर पानं. ग्रंथालयात मिळालंच तर बहुधा हेच मिळेल, आणि जाडी बघून 'यात सगळं असणार' असं वाटेल. लिनक्स आणि विंडोजवर चालणाऱ्या वेगवेगळ्या रेक्सची इतकी चांगली ओळख दुसरीकडे मिळणं कठीण. समजावण्याची पद्धतही प्रसन्न. पण पसारा आडवा आहे, मेनफ्रेमच्या वाट्याला त्यातला छोटा हिस्सा येतो. घरच्या लॅपटॉपवर सराव करणाऱ्याला उत्तम. टीएसओच्या कामासाठी एवढं एकच पुस्तक घेऊन बसलात तर नेमकं हवं ते पान सापडणार नाही.

आयबीएमच्या स्वतःच्या पुस्तिका. 'टीएसओ/ई रेक्स यूझर्स गाइड' आणि 'टीएसओ/ई रेक्स रेफरन्स'. आयबीएमच्या संकेतस्थळावर फुकट. विद्यार्थी यांच्याकडे वळत नाहीत, कारण 'मॅन्युअल कोण वाचतं?' पण 'यूझर्स गाइड' हे खरोखर शिकवणारं पुस्तक आहे. त्यात छोटे सराव आहेत, उत्तरंही आहेत, आणि उदाहरणं तुमच्याच यंत्राची आहेत. 'रेफरन्स' मात्र कोरडा. सगळ्या गोष्टींना तो सारखंच वजन देतो. रोज लागणारं 'आउटट्रॅप' आणि जन्मात एकदा लागणारी एखादी अंतर्गत सोय, दोन्ही एकाच सुरात. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा नसतो, शब्दकोशासारखा शेजारी ठेवायचा असतो. आणि एक लक्षात ठेवा: आयएसपीएफचे पडदे आणि एडिट मॅक्रो यांच्या पुस्तिका वेगळ्या आहेत. जुन्या स्क्रिप्टमध्ये 'ॲड्रेस' या शब्दापुढे काय लिहिलंय ते बघा, कुठली पुस्तिका उघडायची ते तिथेच कळतं.

पाच मिनिटांची परीक्षा

वर न आलेलं पुस्तक किंवा नोट्सची झेरॉक्स हातात पडली तर या पाच गोष्टी तपासा.

१. फाइल कशी वाचली आहे? 'लाइन-इन', डीडी-नावासह 'एक्झेकआयओ', की तीन भागांच्या नावासह? यावरून पुस्तकाचं घर कळतं.

२. 'सी-टू-एक्स' या फंक्शनला कॅपिटल 'ए' दिल्यावर उत्तर काय छापलंय? 'सी१' असेल तर लेखक मेनफ्रेमच्या एबसीडिक संकेतात बोलतोय. '४१' असेल तर पीसीच्या आस्कीत. क्रम लावण्याच्या उदाहरणांवरही याचा परिणाम होतो, कारण एबसीडिकमध्ये अक्षरं आकड्यांच्या आधी येतात आणि आस्कीत नंतर.

३. यंत्राला दिलेले हुकूम अवतरणात आहेत का? अवतरण नसेल तर 'एक्झेकआयओ' नंतरचा तारा रेक्सला गुणाकार वाटतो, आणि डेटासेटच्या नावाला चिकटलेला कंस फंक्शन वाटतो. ज्या पुस्तकात हुकूम कधी अवतरणात, कधी बाहेर, त्याच्या लेखकाने स्वतःला सूट दिलीय. तुम्हाला ती परवडणार नाही.

४. 'सिग्नल ऑन नोव्हॅल्यू' कितव्या प्रकरणात येतं? रेक्समध्ये किंमत न दिलेल्या व्हेरिएबलची किंमत म्हणजे त्याचंच नाव, कॅपिटल अक्षरांत. नाव टाइप करताना एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी प्रोग्रॅम तक्रार न करता पुढे जातो. त्याला अडवणारी ही ओळ पहिल्या तिसऱ्या भागात शिकवणारं पुस्तक जबाबदार, परिशिष्टात टाकणारं बेफिकीर.

५. '=' आणि '==' यांतला फरक नीट सांगितलाय का?

हा पाचवा मुद्दा जरा उलगडतो, कारण संशोधनाचे निष्कर्ष खरे तर इथेच घसरतात. साधं '=' दोन्ही बाजू संख्या असतील तर त्यांची संख्या म्हणून तुलना करतं. त्यामुळे '००७' आणि '७' समान ठरतात. हे एक वेळ ठीक. पण '१ई३' हा सोळाच्या पायाचा संकेत आणि '१०००' हेही समान ठरतात, कारण 'ई' रेक्सला घातांक वाटतो. त्याहून वाईट म्हणजे रेक्सची गणिताची अचूकता मुळात नऊ आकड्यांपुरती असते. तेरा आकडी दोन खाते क्रमांक घ्या, फक्त शेवटचा आकडा वेगळा ठेवा, आणि '=' ने तुलना करा. रेक्स सांगेल, समान. ना चूक दाखवणार, ना इशारा देणार. '==' वापरलं किंवा 'न्यूमेरिक डिजिट्स' वाढवलं की उत्तर सुधारतं.

समजा तुम्ही जुन्या स्क्रिप्टमधला 'नक्कल नोंदी काढा' हा भाग वाचताय. ज्या पुस्तकाने हे सांगितलं नाही ते वाचून तुम्ही लिहाल, 'ही पायरी एकसारख्या नोंदी गाळते.' प्रत्यक्षात ती वेगळ्या नोंदीही गाळत असू शकते. पुस्तक निवडणं ही आवडीनिवडीची बाब नाही असं मी म्हणते ते यासाठी.

मग वाचायचं कशा क्रमाने?

झेड/ओएसवरचा कोड वाचायचा असेल तर माझा क्रम असा. आधी काउलिशॉंच्या पुस्तकातला मूलभूत संकल्पनांचा आणि 'पार्स'चा भाग. लॅपटॉपवर रेजिना किंवा ओओरेक्स, दोन्ही फुकट, त्यावर सराव करत वाचा. मग 'यूझर्स गाइड' पहिल्यापासून, सरावांसकट. त्यासाठी खरं यंत्र लागेल. आयबीएमच्या झेड एक्सप्लोर उपक्रमात विद्यार्थ्यांना मेनफ्रेमवर खातं मिळतं, ते घ्या. 'रेफरन्स' बाजूला उघडा ठेवा. गार्जुलो मिळालं तर मधे घाला, नाही मिळालं तर अडणार नाही. फॉस्डिक आणि हँडबुक नंतर, गरजेप्रमाणे. महागडी जुनी प्रत परदेशातून मागवण्याआधी फुकटातलं संपवा. बहुतेकांची गरज तिथेच भागते.

जुन्या पुस्तकात '¬=' असं चिन्ह दिसलं तर घाबरू नका. त्याचा अर्थ 'समान नाही'. आपल्या कीबोर्डवर ती आकडी नसते, तिच्या जागी '\=' चालतं.

प्रबंधात लिहिताना

शेवटी संशोधनाची सवय म्हणून एक गोष्ट. स्क्रिप्ट काय करते याचं विधान लिहाल तेव्हा तीन गोष्टी सोबत लिहा: ती कुठल्या वातावरणात चालायची, तिथल्या रेक्सची भाषापातळी कुठली, आणि अर्थ लावताना तुम्ही कुठलं पुस्तक आधाराला घेतलं. एकच स्क्रिप्ट जेसीएलमधून 'आयकेजेईएफटी०१' मार्फत चालवली तर तिला टीएसओचे हुकूम देता येतात. 'आयआरएक्सजेसीएल' मार्फत चालवली तर 'आउटट्रॅप', 'सिसडीएसएन' यांसारखी टीएसओची फंक्शनं तिथे मिळतच नाहीत. म्हणजे नुसती स्क्रिप्ट वाचून अर्थ लागत नाही, तिला हाक मारणारं जेसीएलही वाचावं लागतं. हे तुमच्या मार्गदर्शकांना माहीत असेलच असं नाही. परीक्षकाने विचारण्याआधी तुम्ही लिहून ठेवा.

आज रात्री एवढंच करा. तुमच्याकडे रेक्सचं जे काही पुस्तक, पीडीएफ किंवा झेरॉक्स असेल त्याला वरचे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहा. पुढच्या लेखात 'पार्स' घेऊन एक खरीखुरी जॉबची यादी फोडू, तेव्हा ते पान उपयोगी पडेल.